गाडी कशी बंद पडली?

एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात कोकणातून घाटावर चढणाऱ्या रस्त्यांवर रात्री पिकअपची रांग लागलेली असते. हौद्यात पेंढ्यात बसवलेल्या हापूसच्या पेट्या, वर ताडपत्री, ताडपत्रीवर आवळलेले दोर. रत्नागिरी-पावसकडचा माल संध्याकाळी भरायचा, साखरपा मागे टाकून आंबा घाट चढायचा, मलकापूरवरून कोल्हापूर गाठायचं आणि सकाळच्या सौद्याला बाजार समितीत हजर व्हायचं. या वेळापत्रकात गाडी बंद पडायला जागाच नाही. आणि जुनी पिकअप बंद पडते ती बहुधा घाटातच.

यात दैवाचा भाग कमी, हिशेबाचा जास्त. सपाट रस्त्यावर साठच्या वेगानं जाणाऱ्या इंजिनाला तासाला जेवढं डिझेल लागतं, त्याच्या दुप्पट-तिप्पट डिझेल तेच इंजिन भरल्या गाडीची चढण ओढताना मागतं. अर्धवट तुंबलेला फिल्टर सपाटीची मागणी निमूट पुरवतो. चढणीची मागणी त्याला झेपत नाही. रेडिएटरचंही तसंच. साठच्या वेगात समोरून वाऱ्याचा झोत मिळतो. घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असताना सगळा भार पंख्यावर येतो, आणि उष्णता मात्र सर्वांत जास्त तेव्हाच तयार होत असते. म्हणून ‘घाटापर्यंत गाडी एकदम फर्स्टक्लास होती’ हे ड्रायव्हरचं म्हणणं खरं असूनही गाडी निर्दोष असल्याचा तो पुरावा नव्हे. घाटानं गाडी बिघडवली नाही. आधीपासून असलेलं दुखणं त्यानं उघड केलं.

अंधारात, वळणावर, इंजिन गप्प झालं की ड्रायव्हरच्या मनात पहिली येते ती सर्वांत महागडी शंका: इंजिन गेलं. मग मालकाला फोन, मालकाचा बागायतदाराला फोन, आणि कुणीतरी ‘पंप गेला असेल’ असं सांगून मोकळा होतो. हा ‘पंप’ म्हणजे डिझेलचा दाब तयार करणारा इंजेक्शन पंप. तो उतरवून कोल्हापूरला बेंचवर चढवायचा म्हणजे एक दिवस गेला, आणि पेट्यांतला आंबा तर दिवसाला पिकत असतो. या घाईत एक साधी गोष्ट विसरली जाते. इंजिनाची खरी झीज कधीच अचानक होत नाही. पिस्टनच्या रिंगा झिजायला, बोअर घासायला, व्हॉल्व्हची बैठक बिघडायला महिनोन्‌महिने लागतात, आणि ते सगळं आधी कळवून येतं: ऑइल कमी होऊ लागतं, सकाळी सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो, ऑइल भरायच्या झाकणातून धूर फुंकू लागतो, ज्याला मिस्त्री ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. काल चांगली असलेली गाडी आज एका मिनिटात थांबते, तेव्हा शोध घ्यायचा तो एका मिनिटात बदलू शकणाऱ्या गोष्टींचा. डिझेल यायचं थांबू शकतं. डिझेलच्या वाटेत हवा शिरू शकते. एखादी वायर निसटते, बेल्ट तुटतो, रबरी पाइप फाटतो. यांतली बहुतेक कामं स्वस्तातली आहेत. बिघाड जितका अचानक, तितकं त्याचं कारण साधं असण्याची शक्यता अधिक, हे उलटं गणित घाटात उभ्या असलेल्या माणसाला पटवणं कठीण असतं. पण पटलं, तर रात्र वाचते.

अपवाद आहेत आणि ते सांगितलेच पाहिजेत. टायमिंग बेल्ट असलेल्या इंजिनात तो बेल्ट चालत्या गाडीत तुटला, तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. दगड लागून ऑइलचा चेंबर फुटला आणि दिव्याकडे लक्ष गेलं नाही, तर बेअरिंगा धरतात. टर्बोचं सील गेलं, तर इंजिन स्वतःचंच ऑइल इंधन म्हणून पिऊ लागतं. मग किल्ली बंद केली तरी ते थांबत नाही, रेस चढतच जाते, आणि जाणता ड्रायव्हर गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून, ब्रेक घट्ट दाबून, क्लच सोडून ते जबरदस्तीनं बंद पाडतो. हे प्रकार अचानक घडतात आणि महागही पडतात. पण ते मुकाट्यानं घडत नाहीत. ठोका येतो, किंचाळी येते, धुराचा लोट येतो. आणि नंतर सेल्फ मारला की उत्तर मिळतंच. इंजिन नेहमीच्या सारख्या ठेक्यात फिरत असेल, तर चारही सिलिंडरमध्ये दाब शाबूत आहे असं बरंचसं मानता येतं. ठेका न धरता ते नुसतं भरभर, हलकं फिरत असेल, तर दाब गेला आहे, बेल्टचा संशय घ्यावा. आणि सेल्फ फक्त ‘टक्‌’ करून अडकत असेल, बॅटरी मात्र भरलेली असेल, तर पुन्हा किल्लीला हात लावू नये. ही तपासणी करायला एक पानाही लागत नाही.

चांगला मिस्त्री म्हणूनच पाना उचलण्याआधी प्रश्न विचारतो. मलकापूरच्या बाजूचा एखादा जुना मिस्त्री रात्री फोनवर उठवला गेला, तर बोलणं साधारण असं होतं:

“मिस्त्री, आंब्याच्या अलीकडं गाडी बंद पडलीया.”

“कशी बंद पडली ते सांग आधी. बटण दाबल्यागत, का आचके खाऊन?”

“आचके खाल्लं तीन-चार. मग गेली.”

“धूर?”

“न्हाई दिसला काय.”

“गरम?”

“काटा मधीच हाय.”

“मग इंजिनाला हात नको लावू. डिझेलची लाइन बघ.”

एवढ्या बोलण्यात निम्मं निदान झालेलं असतं. बटण दाबल्यासारखी, एकही आचका न देता गाडी गेली, तर संशय विजेवर जातो. अनेक जुन्या रोटरी पंपांवर डिझेल सोडणारा आणि तोडणारा एक सोलेनॉइड असतो. किल्ली ‘ऑन’ केली की पंपाजवळ त्याचा ‘टक्‌’ असा आवाज यायला हवा. आला नाही, तर फ्यूज उडालाय, वायर निसटलीय किंवा सोलेनॉइडच मेलाय. आचके देत, सावरत, पुन्हा आचके देत गेली, तर डिझेल तुटतंय किंवा हवा शिरतेय. आणि जी हळूहळू जड होत गेली, दम कोंडल्यासारखी ओढेनाशी झाली, तिच्या बाबतीत पहिली नजर तापमानाच्या काट्यावर टाकायची. गाडीनं मरताना काय केलं, हे ज्याच्या कानांनी ऐकलं तो ड्रायव्हर या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार असतो. पण बहुतेक गॅरेजांत त्याला चहा प्यायला पाठवतात आणि बॉनेट उघडतात. ही मोठी चूक आहे. टो होऊन आलेली थंड गाडी काहीच सांगत नाही.

डिझेलच्या वाटेकडे थोडं तपशिलात पाहायला हवं, कारण जुन्या पिकअपच्या अचानक दुखण्यांत तिचा वाटा मोठा आहे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते. डिझेलच्या इंजिनात ती नसते. हवा इतकी दाबली जाते की तिचं तापमान पाचशे अंशांच्या पुढे जातं, आणि त्या तापल्या हवेत डिझेलचा फवारा पडला की तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेलनं या कल्पनेचं पेटंट १८९३ मध्ये मिळवलं आणि १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला त्याच्या इंजिनाची चाचणी झाली. इंधनातल्या उष्णतेपैकी २६.२ टक्के कामाला लावून त्यानं त्या काळच्या वाफेच्या यंत्रांना मागे टाकलं. पण त्या इंजिनात डिझेल आत ढकलायला दाबलेल्या हवेचा अवजड सरंजाम लागायचा. ते ट्रकमध्ये बसेल असं खऱ्या अर्थानं झालं, ते बॉशनं १९२७ मध्ये इंजेक्शन पंपाचं घाऊक उत्पादन सुरू केल्यावर. भारतात याच घराण्यातली कंपनी १९५१ मध्ये ‘मायको’ या नावानं उभी राहिली. तिचं नाव २००८ मध्ये बदलून बॉश झालं, तरी गॅरेजांत अजून ‘मायकोचा पंप’च म्हणतात.

या पंपाचं काम थक्क करणारं आहे. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेतं तेव्हा पंपाला मिनिटाला चार हजार फवारे द्यावे लागतात, आणि एका फवाऱ्यात डिझेल असतं जेमतेम एक-दोन थेंब. जुन्या, यांत्रिक पंपाच्या इंजिनात नोझल उघडायला साधारण दोनशे बारचा दाब लागतो. द्रव दाबून आक्रसत नाही म्हणूनच हे जमतं: पंपानं ढकललं की नोझलपाशी दाब पोहोचतो. पण वाटेत हवेचा बुडबुडा आला, तर पंपाचा सगळा जोर तो बुडबुडा दाबण्यात खर्च होतो. नोझल उघडतच नाही. इतक्या ताकदीचं इंजिन, आणि ते थांबवायला बोटाच्या पेरात मावेल एवढी हवा पुरते.

खेड्यातल्या माणसाला हे नवं नाही. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना १९४६ ची; कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या कारखान्यांनीही ऑइल इंजिनं घडवली. वीज पोचण्याआधी विहिरीवर ही इंजिनं चालली, आणि सकाळी इंजिन घेत नसेल तर आधी ‘एअर काढायची’ हे शेतकऱ्यांच्या एका पिढीला वर्णमालेइतकं पाठ होतं. आजही घाटात उभ्या पिकअपपाशी मागून आलेला एखादा पंच्याहत्तरीचा आजोबा थांबतो, फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू दोन आटे सैल करायला सांगतो आणि हातपंप मारायला लावतो. आधी फेस येतो. मग फेस आणि डिझेल. मग अखंड, पारदर्शक धार. स्क्रू आवळायचा, सेल्फ मारायचा. गाडी एकदा खोकते, दोनदा खोकते आणि चालू होते.

आनंद होतो, आणि खरी चूक घडायची जागाही हीच. एअर काढणं हे निदान नव्हे. हवा आली कुठून, हे कळलेलंच नाही. टाकीतलं डिझेल संपत आलं असेल आणि चढणीवर ते टाकीच्या मागच्या अंगाला सरकून आतल्या नळीचं तोंड उघडं पडलं असेल, तर प्रश्न डिझेल भरून मिटतो. टाकी अर्धी भरलेली असेल, तर मात्र कुठंतरी भोक आहे. आणि इथं एक फसवी गोष्ट आहे. टाकीपासून, डिझेल ओढून पुढे देणाऱ्या फीड पंपापर्यंतची लाइन ओढीची असते, ढकलण्याची नाही. तिथं रबरी पाइप तडकला, क्लिप सैल झाली, तर चालत्या इंजिनात डिझेल बाहेर गळत नाही. हवा आत शिरते. खाली डाग नाही, वास नाही, ओल नाही. टॉर्च मारून अख्खी लाइन पाहिली तरी सगळं कोरडं ठणठणीत. म्हणून मिस्त्री ‘गळती नाहीये’ म्हणतो, पंपाकडे वळतो आणि मालकाचा खिसा हलका होतो.

यावर जुन्या कारागिरांची युक्ती इतकी सोपी आहे की ती प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक असायला हवी. हातभर पारदर्शक प्लास्टिकची नळी घ्यायची, डिझेलला टिकेल अशी. पंपात शिरणाऱ्या पाइपाच्या जागी ती तात्पुरती बसवायची आणि इंजिन चालू ठेवून बघत राहायचं. बुडबुडे दिसले, तर हवा त्या जागेच्या मागून येतेय. मग नळी एक टप्पा मागे न्यायची: फिल्टरच्या आधी, मग फीड पंपाच्या आधी, मग टाकीच्या जवळ. जिथं बुडबुडे दिसायचे थांबले, त्या जागेच्या आणि शेवटी बुडबुडे दिसलेल्या जागेच्या मध्ये दोष आहे. पुष्कळदा तो सापडतो बेंजो बोल्टखालच्या तांब्याच्या वॉशरमध्ये. मागच्या वेळी फिल्टर बदलताना जुनाच वॉशर परत दाबून बसवलेला असतो. दाबानं कडक झालेलं तांबं नीट बसत नाही. नवा मिळाला तर उत्तम. नाही मिळाला, तर तोच लालभडक तापवून गार केला की तांबं पुन्हा मऊ होतं आणि बसतं.

हवेच्या बरोबरीनं एक विरुद्ध दुखणं असतं, ते लोक फार कमी तपासतात. टाकीत हवा जायला वाट नसणं. टाकीतून डिझेल उपसलं जातं तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला किंवा टाकीला बारीक श्वासमार्ग ठेवलेला असतो. तो धुळीनं बुजला, किंवा हरवलेल्या झाकणाऐवजी प्लास्टिकची पिशवी कोंबून रबर लावलं, तर गाडी ठणठणीत चालू होते, अर्धा तास चालते आणि डिझेल न मिळाल्यासारखी मरते. थोडा वेळ उभी केली की परत चालते. झाकण सोडताना ‘सूंऽ’ असा हवा ओढल्याचा आवाज आला, की निदान झालं.

तापण्याचं थोडक्यात. काटा लाल रेघेकडे गेला आणि त्याच सुमारास बॅटरीचा दिवा लागला, तर दोन वेगळे बिघाड समजू नयेत. बऱ्याच जुन्या इंजिनांत एकच बेल्ट अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप दोन्ही फिरवतो. तो तुटला की दोन्ही खुणा एकदम दिसतात. गाडी त्याच क्षणी उभी करायची. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. आत दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर गेलेलं असतं आणि झाकण सैल होताच ते उकळून अंगावर येतं. घाटातल्या भाजण्याच्या घटना अशाच घडतात. आणखी एक: पाणी पूर्ण निघून गेलं, तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येऊ शकतो. ‘काटा तर खालीच होता’ या वाक्यानं कितीतरी हेड वाकली आहेत.

धुराचे रंग सगळ्यांना पाठ असतात, काळा, पांढरा, निळा. पण त्यांचा वास कुणी घेत नाही. पांढरा धूर डोळ्यांना झोंबत असेल, तर ते न जळलेलं डिझेल आहे. झोंबत नसेल आणि कुलंटचा गोडसर वास असेल, तर सिलिंडरमध्ये पाणी उतरतंय, हेड गॅस्केटकडे बघा. चढणीवर अचानक ओढ गेली, काळा धूर सुटला आणि ‘फस्स’ असा आवाज आला, तर टर्बोच्या पुढचा पाइप निघालाय किंवा फाटलाय. हवा कमी, डिझेल तेवढंच, म्हणून काळा धूर. क्लिप आवळून गाडी घाट चढते.

पिकअपची पिढी बदलली तशी या विद्येची परीक्षाही बदलली. टाटामोबाइल १९८८ मध्ये आली, बोलेरो २००० मध्ये. महिंद्राच्या पिकअपमध्ये २५२३ सीसीचं इंजिन आधी यांत्रिक पंपावर चाललं, पुढे त्याच मापाचं इंजिन कॉमन रेलवर, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच नळीतून दाबाचं डिझेल देणाऱ्या रचनेवर आलं. कॉमन रेलच्या गाडीत दिवा लागतो, स्कॅनर लावला की कोड येतो, ‘पी ००८७’ म्हणजे रेलमधला दाब कमी. पण दाब कमी का, हे स्कॅनर सांगत नाही. तुंबलेला फिल्टर, हवा ओढणारा पाइप, बुजलेला श्वासमार्ग, झिजलेला पंप, गळकी नोझल: सगळ्यांचा कोड तोच येऊ शकतो. स्क्रीनवर ‘पंप’ वाचून पंप बदलणारा पोरगा आणि काही न पाहता ‘पंप गेला’ म्हणणारा माणूस एकाच जागी उभे असतात. एका बाबतीत मात्र नव्या गाडीत जुनी सवय जिवावर बेतू शकते. यांत्रिक पंपाच्या इंजिनात एकेका नोझलच्या पाइपाचा नट सैल करून कोणता सिलिंडर मेलाय ते पाहतात. नट सैल केला आणि आवाज बदलला नाही, तर तोच आजारी. कॉमन रेलवर हे कधीही करू नये. तिथं दाब हजार बारच्या पुढे जाऊ शकतो. ती धार कातडी भेदून आत शिरते, जखम टाचणीएवढी दिसते आणि हात गमवायची वेळ येते.

आंबा घाटातल्या त्या पिकअपसारखी गाडी वॉशर बदलून कोल्हापूरला पोचली, माल उतरला, तरी काम पूर्ण होत नाही. उतरवलेला फिल्टर उभा चिरून बघावा. आत तांबूस गाळ असेल, तर तो पेट्रोल पंपावरच्या डिझेलमधून आलेला असेलच असं नाही. जुन्या पत्र्याच्या टाकीचा तो गंज असू शकतो, आणि मग नवा फिल्टरही दोन-चार खेपांत तसाच भरेल. फिल्टरच्या तळाचा स्क्रू उघडून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढलं की खाली बसलेलं पाणी वेगळं दिसतं. टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी दमट हवेत उभी राहिली, की रात्रीच्या गारव्यात आतल्या पत्र्याला दव धरतं आणि तेच तळाशी साचतं. हंगामात टाकी उतरवायला कुणाला सवड नसते. आंबा संपतो मेअखेरीस. तेव्हा ती उतरवायची, आत चांगले धुतलेले खडे आणि थोडं डिझेल घालून हलवायची, गंज सुटेपर्यंत धुवायची, सगळे खडे मोजून बाहेर काढायचे, आतली जाळी साफ करायची, सगळे रबरी पाइप आणि तांब्याचे वॉशर नवे घालायचे, आणि मृग लागायच्या आत परत चढवून काठोकाठ भरायची.